झेंड्याची खोळ

सोमवार, ३ तारीख

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक आहोत. अण्णांचे गुडघे कुरकुरतात, मी कुरकुरते, आणि शिकवायच्या गाडीचा क्लच आम्हा दोघांपेक्षा जास्त कुरकुरतो, म्हणजे घरात सगळं नेहमीसारखं आहे. तुझी बायको आणि कन्यारत्न मजेत असतील. पोरीचे पुढचे दात आले का ते लिही. फोटोत ती तोंड मिटून बसते, अगदी तुझ्यासारखी, त्यामुळे काही कळत नाही.

कागद-पेन घेऊन बसले, कारण रविवारच्या फोनवर काही बोलता येत नाही. अण्णा खुर्ची ओढून माझ्या खांद्याला खांदा लावून बसतात. परवा तू विचारलंस, "ताई, पत्र वाचलंस का?" आणि मी म्हटलं, "हो हो, हवा छान आहे." फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "त्याने हवेचं कुठे विचारलं होतं?" गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत.

तुझ्या पत्रातल्या मोठ्या गोष्टीकडे येतेच मी. आधी तू शेवटी सहज म्हणून जे विचारलंस त्याचं उत्तर देते, कारण ते सोपं आहे. हो, हल्ली गाड्यांवर झेंडे लावतात. फोटोत पाहिलंस ते खरं आहे. राष्ट्रदिन जवळ आला की प्रत्येक सिग्नलला झेंडे विकणारे उभे असतात. प्लॅस्टिकची काडी, तिला खाली चिमटा, तो खिडकीच्या काचेत अडकवायचा. मग काच पूर्ण वर जात नाही, धूळ आत येते आणि सगळे देशासाठी शिंकतात. काही जण बॉनेटवर अख्खा झेंडा पसरून चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधतात. एकाने तर मागे एवढा मोठा बांबू लावलाय की पुलाखालून जाताना त्याला उतरून बघावं लागतं.

तुला माहीत आहे, मी ड्रायव्हिंग शिकवणारी बाई, मला आधी आरसे दिसतात. झेंडा लावला की निम्म्या लोकांचा बाजूचा आरसा झाकला जातो. आणि काहींची अशी ठाम समजूत आहे की झेंडा लावलेल्या गाडीला लाल दिवा लागू नाही. काल एकाने मला चौकात अशी हूल दिली की आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई स्टिअरिंग सोडून डोळे मिटून बसल्या. हो, त्या अजून शिकतायत. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालतात, पण गिअरला हात लावताना त्यांना घाम फुटतो.

पण खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटतं. सकाळी रस्त्याला लागलं की सगळीकडे फडफड असते, आणि उगाचच माझी मान ताठ होते. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

आपल्या गाडीवर मात्र झेंडा नव्हता. आमच्या इमारतीचे अध्यक्ष जिन्यात भेटले आणि म्हणाले, "सगळ्या गाड्या सजल्या, तुमची तेवढी भुंडी. अण्णांसारख्या माणसाच्या घरची गाडी, बरं दिसत नाही." मला ते लागलं. मी त्याच दिवशी सिग्नलवरून एक झेंडा घेतला आणि खिडकीत खोचला. अण्णा गॅलरीतून बघत होते. काठी टेकत टेकत खाली आले.

"कोण बसणार आहे गाडीत?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हणजे? मी. आणि शिकणारे."

"आणि तू उतरलीस की?"

"उतरले की उतरले. झेंडा राहील तिथेच."

"असं नसतं ते," अण्णा म्हणाले. "झेंडा गाडीचा नसतो. आत बसलेल्या माणसाचा असतो. माणूस उतरला की झाकायचा."

तुला अण्णांची सरकारी गाडी आठवते, पण ती खोळ आठवते का? तू फार लहान होतास. बॉनेटवर ती चकचकीत दांडी आणि तिच्यावर झेंडा. साहेब आत बसले की अण्णा खोळ काढायचे, साहेब उतरले की लगेच घालायचे. साहेबांना सोडून रिकामी गाडी गॅरेजला नेताना झेंडा कायम खोळीत. मी एकदा विचारलं होतं, "तुम्ही बसलेले असता की आत." तर हसून म्हणाले होते, "मी बसलेला नसतो गं, मी चालवत असतो."

तर आता ऐक. अण्णांनी जुन्या गणवेशाच्या कोटाचं अस्तर उसवलं, आईच्या मशीनवर बसले, आणि त्या पाच पैशाच्या प्लॅस्टिकच्या झेंड्याला सुबक खोळ शिवली. वर नाडीसुद्धा. मी गाडीतून उतरले की हे खाली हजर. खोळ घालतात. डॉक्टरीणबाईंना वाटलं पावसासाठी असेल. पण अध्यक्षांना झोंबलं. चारचौघांत म्हणाले, "अण्णा, ह्या दिवसांत झेंडा झाकता? लाज वाटते की काय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "लाज नाही. शिस्त आहे." अध्यक्षांचं समाधान झालं नाही. त्यांचं कशानेच होत नाही म्हणा, पाण्याच्या टाकीवरून त्यांचं अजून सुरूच आहे.

बरं. आता तुझं.

तू तिथला नागरिक होणार. दोन महिन्यांनी शपथ घ्यायची आहे. इकडचा पासपोर्ट परत करायचा आहे. समारंभाला प्रत्येकाला घरची दोन माणसं आणता येतात आणि तू त्या दोन खुर्च्या अण्णांच्या आणि माझ्या नावाने मागून ठेवल्यास. आम्ही नाही आलो तर त्या रिकाम्या राहतील, पण दुसऱ्या कोणाला देणार नाहीस. आणि हे सगळं अण्णांना मी सांगायचं, कारण तुला फोनवर तोंडातून शब्द फुटत नाही.

वाचलं सगळं. सांगते. पण ह्या आठवड्यात नको रे, ह्या झेंड्यांच्या आठवड्यात तरी नकोच. बाकी ते खुर्च्यांचं बघू. अण्णांचे गुडघे, माझ्या शिकाऊ मंडळींच्या परीक्षा, बरंच काय काय आहे.

पोरीला गालगुच्चा. थंडीत कानाला बांधत जा. तू ऐकणार नाहीस, तरी लिहिते.

तुझी,
ताई


रविवार, १६ तारीख

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते रोज वेगळे लिहायला नकोत.

सांगितलं अण्णांना. पण जसं सांगायचं ठरवलं होतं तसं नाही झालं. सगळं लिहिते, म्हणजे तू उगाच कल्पना करत बसणार नाहीस.

काल अध्यक्षांनी गाड्यांची फेरी काढली. आपल्या गल्लीतून निघायचं, बागेला वळसा, पूल, आणि मग मैदान. अण्णांशी खोळीवरून वाजलं होतं, तरी अध्यक्ष स्वतः घरी आले. "तुम्ही खरे झेंड्याच्या गाडीचे ड्रायव्हर. तुमच्यावाचून फेरी कशी?" अण्णा असे खुलले की काय सांगू. शर्टाला स्वतः इस्त्री केली. बूट असे घासले की त्यात मांजर स्वतःचं तोंड बघत होतं.

मागच्या सीटवर त्यांचे गुडघे मावत नाहीत, म्हणून ते पुढे माझ्या जागेवर बसले. म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागेवर, जिथे खाली आपला दुसरा ब्रेक आहे. मी स्टिअरिंगला. खोळ काढून घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली. आपल्या मागे लगेच अध्यक्षांची गाडी, तिच्यामागे सगळी रांग. चालत्या माणसाने मागे टाकावं इतका वेग. आपल्या पुढे एका टेम्पोवर कर्णा लावला होता, त्यातून गाणी चालू होती. लोक गॅलरीतून हात हलवत होते. अण्णाही हलवत होते. आयुष्यभर साहेब मागे बसून हात हलवायचे, ह्यांचे दोन्ही हात चाकावर. काल पहिल्यांदा ह्यांना हात मोकळे मिळाले.

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बारक्या असता तर अर्धा खिडकीबाहेर लोंबकळला असता. पुढच्या वर्षी त्याला ह्याच दिवसांत बोलावू. तोपर्यंत कायमचाच आला तर प्रश्नच मिटला."

किती दिवस जिभेवर धरून ठेवलं होतं, ते सटकलं. म्हटलं, "तो कायमचा येणार नाही, अण्णा. तो तिथलाच होतोय. शपथ आहे त्याची दोन महिन्यांनी."

अण्णांनी ब्रेक मारला.

मुद्दाम नाही रे. चेहरासुद्धा हलला नाही, फक्त उजवा पाय खाली गेला. इतक्या वर्षांचा पाय आहे तो. काही समोर आलं की त्यांच्या पायाला आधी कळतं, मग त्यांना. गाडी जागच्या जागी थांबली. मागे अध्यक्षांनी कचकन दाबला, त्यांच्या मागच्याने दाबला, शेवटच्या गाडीपर्यंत ब्रेकच्या किंचाळ्या ऐकू येत गेल्या. कोणी कोणाला धडकलं नाही हे नशीब. टेम्पोवाला पुढे निघून गेला, गाणी त्याच्याबरोबर गेली, आणि एकदम सगळं शांत.

आरशात बघते तर अध्यक्ष तावातावाने उतरलेले. म्हटलं झालं, आता ह्यांचं तोंड सुरू होणार. ते आपल्या खिडकीपाशी आले, आत पाहिलं. अण्णा ताठ बसलेले, नजर समोर, डोळे भरलेले. अध्यक्षांनी मान वर केली आणि त्यांना दिसलं की आपली गाडी नेमकी हुतात्म्यांच्या स्मारकाच्या खांबासमोर थांबली आहे. झालं. त्यांचा चेहराच बदलला. मागे वळून खड्या आवाजात ओरडले, "सावधान!"

पटापट दारं उघडली. लोक रस्त्यावर उतरले आणि उभे राहिले. कोणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं, मग सगळ्यांनी धरलं. अण्णांनी दार उघडलं, काठी आतच ठेवली, आणि ते गुडघे घेऊन उतरले. उभे राहिले. मीही उतरले, दुसऱ्या बाजूला. मधे गाडी. मला त्यांचा फक्त अर्धा चेहरा दिसत होता आणि त्याच्यावरून पाणी वाहत होतं. ते पुसत नव्हते, कारण सावधानमध्ये हात हलवायचा नसतो.

गाणं संपल्यावर अध्यक्षांनी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "अण्णा, तुम्ही आम्हाला शिकवलंत आज. देशप्रेम ह्याला म्हणतात." आता दरवर्षी फेरी तिथे थांबवायची असा ठराव होणार आहे. मी काय बोलणार? बोलले असते तरी कोणाला खरं वाटलं असतं? आणि खरं सांगू का, मला आता वाटतं अध्यक्ष फारसे चुकले नव्हते. फक्त त्यांना वाटलं तसं नव्हतं ते.

घरी आल्यावर अण्णांनी खिशातून खोळ काढली, झेंड्यावर चढवली, नाडी बांधली आणि वर गेले. तेव्हापासून तोंडाला कुलूप. आज तुझा फोन आला तेव्हा ते कुठे होते विचारलंस ना? बादली घेऊन गाडी धुवायला खाली गेले होते. गाडी कालच धुतली होती.

आता माझं. मी हे लिहिणार नव्हते, पण काल रस्त्यात एवढं सगळं उघडं पडलं, तर माझं तेवढं झाकून काय उपयोग.

तुझं मागचं पत्र आलं त्यातलं मला शपथेचं नाही लागलं. पासपोर्टचंही नाही. तू शेवटी लिहिलं होतंस, "तुमच्याकडे हल्ली गाड्यांवर झेंडे लावतात ना?" तुमच्याकडे. मी ते वाक्य वाचलं आणि तसाच कागद हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं तू "आपल्याकडे" लिहीत आलास. आपल्याकडे पाऊस झाला का, आपल्याकडे आंबा आला का. ह्या पत्रात एकदम तुमच्याकडे. तुला कळलंही नसेल. तू काही ठरवून लिहिलं नसशील, हेच जास्त लागलं. शपथ दोन महिन्यांनी आहे, पण तुझ्या पेनाने ती आधीच घेतली.

आणि दुसरं. मला कायम वाटत होतं तू परत येशील. असं कधी बोललो नव्हतो आपण, तू कधी कबूलही केलं नव्हतंस. पण मी सासरहून परत आले ना, म्हणून मला वाटायचं, जाणारे सगळे शेवटी येतातच. तुझ्या खोलीत मी शिकाऊ लोकांच्या पाट्या आणि टायर ठेवते, पण पलंग हलवला नाही. अण्णांची नखं कापताना, त्यांना जिना चढवताना मनात असायचं, थोडेच दिवस, मग बारक्या येईल. तो नर्सच आहे, त्याला हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं येतं.

तू सांगायचास, आज वॉर्डात एका आजोबांना आंघोळ घातली, एकाला उचलून खिडकीपाशी बसवलं. मला केवढा अभिमान वाटायचा. शेजारणींना सांगायचे. ह्या आठवड्यात पहिल्यांदा राग आला. कोणाकोणाच्या बापाला तू उचलतोस रे, असं आलं मनात. आलं ते आलं. तुझ्यापासून लपवून ठेवलं तर ते तिथेच बसून राहील.

रागावू नकोस. आणि शपथ घेऊ नकोस असंही मी म्हणत नाहीये. मला काय म्हणायचंय तेच मला कळत नाहीये.

ताई


गुरुवार, २७ तारीख

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद, आणि आज ते मनापासून. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, तेव्हा मागच्या पत्राने तोंड पाडून बसला असशील तर आधी हे वाच.

राष्ट्रदिन होऊन गेला. आता रस्त्यावर बघशील तर मजा आहे. झेंडे अजून गाड्यांवर आहेत, पण कोणाचं लक्ष नाही. उन्हाने विटले, कडेने दोरे सुटले. अध्यक्षांच्या खिडकीत नुसती काडी उरली आहे आणि ते तीच मिरवत ऑफिसला जातात. अण्णांनी आपला झेंडा दुसऱ्याच दिवशी उतरवून, घडी घालून कपाटात ठेवला. पण बोलले नाहीत. जेवताना नाही, चहाला नाही. मीही बोलले नाही. दोन भांडी एकमेकांवर आपटली तर तेवढाच घरात आवाज.

आज सकाळी मी खाली गाडी पुसत होते. अण्णा आले, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि काच पुसायला लागले. मी पुसलेली काच त्यांना कधीच पुसलेली वाटत नाही. पुसता पुसता म्हणाले, "शपथेत काय म्हणायचं असतं?"

मी वर धावले, तुझं पत्र आणलं. तू मजकूर लिहून पाठवलास ते बरं झालं. वाचून दाखवला. अण्णा माझ्यामागची काच पुसत ऐकत होते.

"ह्यात आपल्याला शिव्या नाहीत," ते म्हणाले.

"शिव्या कशाला असतील?"

"असतील तर विचारावं म्हटलं. कायदा पाळीन, सगळ्यांशी सारखं वागीन, अडीअडचणीला उभा राहीन. हे तर तो गेल्यापासून करतोच आहे. फुकट करत होता, आता सही करून करेल." मग म्हणाले, "इकडचा पासपोर्ट घेतात तो फाडतात का?"

"नाही हो. शिक्का मारत असतील. जमा करून घेतात."

"फाडत नाहीत ना?"

"नाही."

"मग ठीक आहे." त्यांनी फडकं झटकलं. "उतरला माणूस की झाकायचा. फाडायचा नसतो. मी आयुष्यात किती वेळा झाकला. मला कधी वाटलं नाही की झेंडा गेला. खोळीच्या आत होताच की तो. रिकामी गाडी घेऊन यायचो तरी सिग्नल तोडला नाही कधी. कोण बघत होतं?"

मला वाटलं एवढ्यावर संपलं. पण माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. मी पत्र तसंच त्यांच्यापुढे धरलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे? 'तुमच्याकडे' लिहिलंय त्याने."

अण्णांनी चष्मा वर ढकलून वाचलं. "मग काय लिहील? त्याची पोर तिथे शाळेत जाते, बायको तिथे नोकरी करते. त्याने तिथे राहून सगळ्यालाच आपल्याकडे म्हणायचं म्हणजे दोन्ही पाय दोन गाड्यांत. तू सासरी होतीस तेव्हा आईला लिहायचीस, तुमच्याकडे दळण कोण आणतं. ती काय रडत बसली?"

"बसली होती," मी म्हटलं. कारण आईने मला सांगितलं होतं.

अण्णांना हे माहीत नव्हतं. काचेवरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. मग म्हणाले, "बरं, बसली असेल. पण म्हणून तुला परत आल्यावर दार उघडलं नाही असं झालं का?"

"नाही," मी म्हटलं.

"तू रुसणं सोड आता," ते म्हणाले.

"मी कुठे रुसले? तुम्ही बोलत नव्हतात."

"मी विचार करत होतो. रुसली होतीस तू. मला दोन्हीतला फरक कळतो, तुम्हा दोघांना मी वाढवलंय." आणि मग अगदी सहज, आरसा पुसता पुसता विचारलं, "त्या खुर्च्या कुठे आहेत?"

मी म्हटलं, "कसल्या खुर्च्या?" बघ ना, एवढं सगळं सांगितलं आणि खुर्च्यांचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. रस्त्यात ब्रेक लागला, मग राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. मला जायचंच नव्हतं बारक्या. तुला तिथे हात वर करून उभा बघायची माझी तयारी नव्हती. पण मघाशी मी मजकूर वाचत होते तेव्हा अण्णांनी माझ्या खांद्यावरून पुढचंही वाचलं होतं. कान शाबूत आहेत म्हटलं होतं, डोळेही आहेत.

"दोन खुर्च्या लिहिल्यात त्याने," अण्णा म्हणाले. "त्या बाहेर असतात की आत?"

"आत. सभागृहात. समोरच असतील, घरच्यांना बसायला."

"बाहेरून आलेल्या माणसाला आत बसू देतात?"

"त्यासाठीच तर आहेत, अण्णा."

त्यांनी फडकं बॉनेटवर ठेवलं. म्हणाले, "मी एवढे समारंभ केले. शपथा झाल्या, उद्घाटनं झाली, सत्कार झाले. एकही आतून पाहिला नाही. साहेब आत, मी बाहेर गाडीपाशी. आतून टाळ्या ऐकू आल्या की समजायचं संपलं, आणि गाडी सुरू करायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या पोराच्या टाळ्या मी बाहेर उभा राहून ऐकणार नाही. मला आत बसून वाजवायच्यात."

मला एकदम आठवलं की गॅसवर काहीतरी ठेवलंय, आणि मी वर पळाले. गॅसवर काही नव्हतं. तोंडावर पाणी मारून खाली आले तेव्हा अण्णा डॉक्टरीणबाईंना विचारत होते की विमानात पाय लांब करायला जागा कुठे मिळते. बाई शिकायला आल्या होत्या आणि अण्णांनी त्यांना अर्धा तास स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.

तेव्हा लिहून घे. अण्णांना कडेची जागा हवी, कारण उठताना गुडघा धरतो आणि ते उभे राहणारच, कोणी सांगितलं नाही तरी. तिथल्या गाण्याचे शब्द पाठव, त्यांना येत नसले तरी नुसते ओठ मिटून उभं राहिलं तर तिथल्या लोकांना अपमान वाटेल असं अण्णा म्हणतात. तुझ्या बायकोला म्हणावं, शर्ट तिने इस्त्री करू नये, ते स्वतः करतात. पासपोर्ट आहेत, पोरीच्या जन्माच्या वेळी काढले होते ते, कोरेच आहेत. तिकिटांचं तू बघ. बाकी मी बघते.

माझंही सांगते. माझा राग गेलेला नाही. तो बरोबर घेऊन येणार आहे. तुला बघितल्यावर तुझ्यासमोर काढीन, दोन तास भांडीन, अण्णा मधे पडतील, मग तू मला चहा करून देशील. तुझा पलंग हलवणार नाही, तो टायरांसकट तसाच राहील. तू येशील तेव्हा आठ दिवस आलास तरी ये, पाहुण्यासारखा आलास तरी ये. आणि तिथे अण्णांना एकदा आंघोळ घाल. मला बघायचंय तू ते कसं करतोस.

शपथेला आवाज मोठा ठेव. अण्णा मागे बसले तरी ऐकू जाईल एवढा. आणि म्हणून झालं की लगेच खाली बघू नकोस, समोर बघ. टाळ्या वाजवताना आम्ही तुला दिसलो पाहिजे.

येते,
तुझी ताई